दाढ निघाली त्या दिवशी मी धुळ्यात होतो

गावात कोणी नवा माणूस आला आणि त्याला माझी ओळख करून द्यायची झाली, तर लोक माझी पदवी सांगत नाहीत, हुद्दाही सांगत नाहीत. "हे आमचे मास्तर. हत्तीची दाढ जमिनीतून निघताना यांनी डोळ्यांनी पाहिली," असं सांगतात. नवा माणूस आदराने बघतो. मी मान खाली घालून थोडा हसतो. लोकांना तो विनय वाटतो. तेरा वर्षं मी असाच हसत आलो आहे.

यंदा वाचनालयाची स्मरणिका निघते आहे. त्या गाजलेल्या वादावर तुम्हीच लिहायला हवं, असं चिटणीस घरी येऊन सांगून गेले. "चार पानं पुरेत मास्तर, पण जरा रंगवून लिहा." रंगवायचं ते मी तेव्हाच रंगवून सांगितलं होतं. आता साधं लिहितो.

आमचं गाव गिरणेच्या काठी, एरंडोलपासून सायकलने तासाभरावर. एरंडोल म्हणजे जुनी एकचक्रानगरी, आणि भीमाने बकासुराला मारलं ते तिथेच, हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असतं. अन्नाचा गाडा कोणत्या वाटेने जायचा, ती वाटसुद्धा म्हातारी माणसं हात करून दाखवतात. त्यामुळे आमच्या शिवारात मोठं हाड निघालं, तर ते कोणाचं असा प्रश्न कोणाला पडत नाही.

तेव्हा मी पंचविशीत होतो, हायस्कुलात शास्त्र शिकवत होतो. एका सकाळी प्रार्थना संपता संपता नदीकडच्या मळ्यातले आबा खांद्यावर पोतं घेऊन शाळेत आले. आबा म्हणजे साठीला टेकलेले शेतकरी, बोलायला कमी आणि शाळेची पायरी कधी न चढलेले. त्यांनी पोतं टेबलावर ठेवलं तेव्हा टेबल कुरकुरलं.

"मास्तर, दखा बरं, हाई काय शे?"

आत शेंदूर फासलेला दगड होता. वीतभराहून थोडा लांब, जड, आणि वरच्या अंगाला टाकी लावलेल्या पाट्यावर असतात तशा आडव्या रेघा.

"बठ्ठा म्हनतस, बकासुरनी दाढ शे," आबांनी सगळ्या गावाचं म्हणणं सांगितलं. "पोऱ्या म्हनस, मास्तरले दखाडा."

मी पट्टीच्या कडेने एका कोपऱ्यातला शेंदूर खरवडला. कपाटातलं जाड पुस्तक काढलं आणि चित्राशी ताडून पाहिलं. हत्तीची दाढ होती ती, पण आजच्या हत्तीची नव्हे. दगड झालेली, कोण जाणे किती हजार वर्षांपूर्वीची. कुठे मिळाली असं विचारलं, तर आबा म्हणाले, नव्या विहिरीचं काम चालू आहे, बावीस हात खणून झालंय, परवा मिळाली.

परवा म्हणजे संकष्टीला. त्या दिवशी मी धुळ्यात होतो. मुलगी पाहायला गेलो होतो.

"मी येतो विहीर बघायला," मी म्हणालो.

"या ना," आबा म्हणाले.

गेलो नाही. लग्न ठरलं, परीक्षा आल्या, आणि विहिरीला पाणी लागलं. दाढ प्रयोगशाळेच्या कपाटात राहिली.

त्याच दिवसांत वर्तमानपत्रांतून आफ्रिकेतल्या हाडांच्या बातम्या येत होत्या. माणसाच्या पूर्वजाचा जबडा, कवटीचे तुकडे, असं काहीबाही. वाचनालयात त्यावर रोज कोणीतरी कोणाशी तरी भांडायचं. आणि इकडे राममंदिरात बुवांनी कीर्तनात आमच्या दाढेचा उल्लेख केला. बुवा प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, किडकिडीत, पण आवाज असा की झांजा फिक्या पडाव्यात. त्यांचं बकासुराचं आख्यान ऐकायला पाच गावांतून बैलगाड्या यायच्या. "ज्याला पुरावा हवा असेल त्याने हायस्कुलाच्या कपाटात बघावा," असं ते म्हणाले. माझ्या वर्गातल्या मुलांनी मला विचारलं, सर, दाढ कोणाची? वाचनालयाच्या मंडळींना गंमत दिसली. त्यांनी वैशाखातल्या व्याख्यानमालेत आम्हा दोघांना एका व्यासपीठावर बसवलं.

फळ्यावर खडूने मोठ्या अक्षरांत विषय लिहिला होता: 'दाढ कोणाची?' आणि खाली बारीक अक्षरात 'अर्थात उत्क्रांतिवाद, सत्य की तर्क'. मधे टेबलावर दाढ. बाया एका बाजूला, त्यांत महिन्यापूर्वी लग्न होऊन आलेली माझी बायकोही होती. आबा आले नव्हते. त्यांना असल्या गोष्टींचं सोयरसुतक नव्हतं.

मी अर्धा तास बोललो. थर, जीवाश्म, हत्ती, घोडा, माणूस. मागून एकजण ओरडला, "मास्तर, तुमचे पूर्वज माकड असतील, आमचे पाटील होते!"

हशा झाला. बुवांनी बसल्याबसल्याच त्याला विचारलं, "पाटील झाडावर चढत नव्हते हे तुला कोणी सांगितलं?"

आणखी मोठा हशा. दुसरा कोणी बुवांना चेव आणायला म्हणाला, "बुवा, दशावतार काढा! मासा, कासव, डुक्कर! आपल्याकडे सगळं आधीच आहे!"

"नाही काढणार," बुवा म्हणाले. "देव काही मास्तरांना हरवायला मासा झाला नव्हता."

मग ते उभे राहिले आणि त्यांनी मला धरलं. राग नाही, आरडाओरडा नाही. म्हणाले, "मास्तर, मी पोथी वाचून सांगतो म्हणून तुम्ही मला हसता. हसा. पण तुम्हीही पुस्तक वाचूनच सांगता. तुमचं पुस्तक इंग्रजी, माझं प्राकृत. तुम्ही आफ्रिकेला गेला नाहीत, मी एकचक्रानगरीत नव्हतो. मग आपल्या दोघांत फरक काय? दोघेही ऐकीव."

याचं उत्तर आज सुचतं. माझ्या पुस्तकातली गोष्ट कोणालाही पुन्हा तपासून बघता येते, हे उत्तर होतं. पण तेव्हा समोर शंभर-दीडशे माणसं, त्यांत माझे विद्यार्थी, आणि बायांच्या बाजूला नवी बायको.

बुवांनी दाढेवर हात ठेवला. "निदान एवढं सांगा. ही बाहेर निघताना तुम्ही पाहिली? कुठल्या थरातून?"

"पाहिली," मी म्हणालो.

शब्द तोंडातून गेला, आणि त्याला एकटं सोडवेना, म्हणून मी त्याच्या मागे आणखी पाठवले. "बावीस हातांवर. पिवळी माती संपली आणि खाली गोट्यांचा थर लागला. त्या थरात होती. मी तिथेच उभा होतो."

बुवा माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि माझ्या गळ्यात घातलं.

"मास्तरांनी पाहिलंय," ते सभेला म्हणाले. "मी नुसतं ऐकलंय. पाहणारा मोठा. मी हरलो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र उपरण्याचा घाम गळ्याला लागला तेवढाच कळला.

घरी जेवायला वाढताना बायकोने हळूच विचारलं, "अहो, ती दाढ संकष्टीला निघाली म्हणतात ना?"

"हो. का?"

"संकष्टीला तुम्ही आमच्याकडे होतात. बाबा चंद्र उगवेपर्यंत जेवत नाहीत, म्हणून तुम्हालाही चहावर बसवून ठेवलं होतं. तुम्ही चार कप प्यायलात."

"तू यात पडू नकोस," मी म्हणालो. आवाज चढला होता.

"बरं," ती म्हणाली आणि आमटी वाढली.

त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. इतर सगळ्या बाबतींत ती बोलते, भरपूर बोलते. पण कोणी आमच्या घरी बसून दाढेची गोष्ट सांगायला लागलं, की ती उठून आत जायची. मला ते दर वेळी दिसायचं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बुवा प्रयोगशाळेच्या दारात हजर. "हरलोच आहे, तर आता नीट शिकवा," म्हणाले. मला वाटलं टोमणा आहे. नव्हता. आठवड्यातून दोन-तीनदा ते यायचे. मी पुस्तकातून वाचून अर्थ सांगायचा, ते शाळेच्या जुन्या वहीत मोडी वळणाच्या अक्षरात टिपून घ्यायचे. मधेच म्हणायचे, "थांबा, हे मला पटलं नाही. पुन्हा सांगा." माझ्या आयुष्यात मला इतका चांगला विद्यार्थी मिळाला नाही. संध्याकाळी आम्ही नदीवर फिरायला जायचो, गोटे उचलायचो. ते म्हणायचे, "हा किती वर्षांचा असेल हो?" आणि मी सांगितलेला आकडा ऐकून गोटा हळूच, जागेवर, झोपलेल्या मुलाला ठेवावं तसा ठेवायचे. ती वर्षं सुखाची होती. खोटं पोटात ठेवूनही माणूस सुखात राहू शकतो, हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच होतं.

बोचायचं ते वेगळंच. बुवांनी बकासुराचं आख्यान बंद केलं होतं. पंचक्रोशीतून बोलावणी यायची, ते दुसरी आख्यानं सांगतो म्हणायचे, लोक हिरमुसायचे. हळूहळू बोलावणी कमी झाली. मी एकदा म्हणालो, "बुवा, आख्यान ते आख्यान. सांगा की." तर म्हणाले, "कीर्तनात मी दाढेला साक्षीला उभं केलं होतं. साक्ष खोटी ठरली. आता कोणत्या तोंडाने सांगू?" आणि इकडे मुख्याध्यापकाची जागा रिकामी झाली, तेव्हा शाळेच्या मंडळात माझ्या बाजूने हीच गोष्ट बोलली गेली. वादाच्या सभेला जे शेठजी अध्यक्ष होते तेच म्हणाले, "भाऊ, ज्याने डोळ्यांनी पाहिलं तोच शिकवेल ना." जागा मला मिळाली.

अशी सहा वर्षं गेली. एका संध्याकाळी बुवा एक पत्र घेऊन आले. पुण्याच्या कोणा जाणकाराला त्यांनी दाढेबद्दल स्वतः लिहिलं होतं. लांबी, रुंदी, वजन, रेघा किती, सगळं मोजून. शेवटी लिहिलं होतं, 'प्रत्यक्ष पाहणारे: मास्तर', आणि माझ्या सहीसाठी जागा सोडली होती.

"सही करा," म्हणाले. "माझ्या नुसत्या शब्दाला तिथे काय किंमत!"

मी पेनचं टोपण काढलं. पुन्हा लावलं. म्हणालो, "बुवा, मी तिथे नव्हतो."

"कुठे?"

"विहिरीवर. दाढ निघाली तेव्हा मी धुळ्यात होतो. मुलगी पाहायला. आबांनी पोत्यातून आणून दिली. मी विहीरसुद्धा पाहिलेली नाही."

त्यांनी पत्राची घडी घातली. पुन्हा उलगडली. पुन्हा घातली. शाळेचा शिपाई खिडक्या लावत होता, त्याचा आवाज येत होता.

"बाकी सगळं मी तुमच्याकडून तपासून घेतलं, मास्तर," ते म्हणाले. "हे एवढंच शब्दावर घेतलं होतं."

ते उठले. दारापर्यंत जाऊन वळले.

"आबांना जाऊन का नाही विचारलंत नंतर?"

"पाहिलं म्हणून सांगून बसलो होतो. मग विचारायला कसा जाणार?"

"अरेरे," ते म्हणाले. त्यात राग नव्हता. पायात काटा मोडलेल्या पोराला म्हणावं तसं म्हणाले.

आठ दिवस ते आले नाहीत. नवव्या दिवशी सकाळीच आले, हातात पिशवी. "जळगावला सर्कस आलीय. हत्ती आहेत. दाढ घ्या आणि चला."

"कशाला?"

"कशाला काय! तुमचं पाहणं गेलं. आता मला पाहायला नको?"

एस.टी.त दाढ त्यांच्या मांडीवर. जळगावला उतरल्यावर त्यांनी दोन फण्या केळी घेतली. सर्कशीचा तंबू दुपारचा रिकामा होता, मागे हत्ती बांधलेले. माहुताला बुवांनी आपल्या हिंदीत सांगितलं, "भैया, हमको हत्ती का दाढ देखना है." माहुताने आम्हा दोघांना वरून खाली पाहिलं. एक सत्तरीचा धोतरवाला, एक चष्मेवाला, आणि पिशवीत हा धोंडा. पण केळी पाहून तयार झाला. त्याने हत्तिणीला काहीतरी म्हटलं, तिने सोंड वर केली, तोंड उघडलं.

बुवांनी धोतराचा सोगा कमरेला खोचला, टोपी माझ्या हातात दिली आणि बॅटरी लावून सरळ तिच्या तोंडात वाकून पाहिलं.

"बाबा, हाथ मत डालना!" माहूत ओरडला.

"अहो, रेघा!" आतून आवाज आला. "मास्तर, रेघा आहेत! पाटा आहे पाटा! या, बघा!"

मीही वाकलो. गरम, ओल्या गवताचा वास. आणि मागे, गुलाबी मांसात बसलेल्या, त्याच आडव्या रेघा. पुस्तकातलं चित्र मी शंभरदा पाहिलं होतं, पण खरी दाढ मीही त्या दिवशी पहिल्यांदाच पाहत होतो. बुवांनी पिशवीतली दाढ काढून शेजारी धरली, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. हत्तिणीने मधल्यामध्ये दुसरी फणीही संपवली.

परतताना ते म्हणाले, "आता बकासुराला मोकळं केलं. बिचाऱ्याच्या माथी उगाच दुसऱ्याची दाढ मारली होती मी."

पुढच्या रामनवमीला त्यांनी बकासुराचं आख्यान पुन्हा लावलं. गर्दी उसळली. पूर्वरंगात त्यांनी सर्कशीची सगळी गोष्ट सांगितली, केळ्यांसकट. "दाढ हत्तीची, हे मी का मानतो? मास्तर म्हणाले म्हणून नाही. हत्तिणीच्या तोंडात डोकं घालून आलोय म्हणून. बकासूर खरा का खोटा, ते तुमच्या तुमच्या भावावर. त्याची दाढ मात्र कोणी पाहिलेली नाही." लोक हसत होते. मग ते म्हणाले, "आता राहिला प्रश्न, जमिनीतून निघताना ती कोणी पाहिली?"

आणि थांबले.

मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. झांजवाला त्यांच्याकडे बघत होता, हात वर धरून. उठायला पुरेसा वेळ होता. मी चष्मा काढून पुसला.

"असो," बुवा म्हणाले, आणि नामघोष सुरू केला.

त्यांनी मला त्याबद्दल कधी एक शब्द विचारला नाही. आमच्या फेऱ्या चालूच राहिल्या. त्यांच्या तोंडून गावात कोणाला काही कळलं नाही. दोन वर्षांपूर्वी ते गेले. त्यांच्या वह्या त्यांच्या मुलाने मला आणून दिल्या. त्यांत दाढेच्या पानावर 'प्रत्यक्ष पाहणारे' असं लिहून पुढे कोरं सोडलं आहे.

म्हणून चिटणीस येऊन गेल्यावर मी बायकोला म्हणालो, "या वेळी खरं लिहितो."

"लिहा," ती म्हणाली. "पण आधी विहीर तरी बघून या. मीही येते."

गेल्या रविवारी गेलो. आबा आता खाटेवर असतात, ऐकू कमी येतं. त्यांनी आमच्याकडे पाहून हात जोडले. "मास्तर, इतला वरीस झायात!" एवढंच म्हणाले. विहीर दगडांनी बांधून काढलेली, वर विजेचा पंप. थर वगैरे दिसायला काही उरलेलं नाही. आबांच्या बायको, अक्का, ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, मास्तर आज इकडे कसे?

मी घसा साफ करत होतो, तोवर बायकोच बोलली. मोठ्याने, खाटेवरच्या आबांनाही ऐकू जाईल अशी.

"अक्का, दाढ निघाली तेव्हाचं विचारायला आलेत. ह्यांनी पाहिली नाही. हे त्या दिवशी आमच्याकडे होते, धुळ्याला. चहा पीत."

तेरा वर्षांचं एका दमात बोलून झालं. ती माझ्याकडे पाहून अशी काही हसली, की लग्न झाल्यापासून मी तिला इतकी हलकी पाहिली नव्हती.

अक्कांना त्याचं काहीच नवल वाटलं नाही. "मास्तर कशाला दखतीन? दाढ मी दखी," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सगळं सांगितलं, शेंगा बाजूला ठेवून, हातवारे करत. खाली माणसं खणायची, वर गाळाच्या टोपल्या बाया रिकाम्या करायच्या. गोट्यांच्या थरात वगैरे कोणी काही पाहिलं नाही. दाढ मिळाली ती दिवस मावळताना, वर टाकलेल्या ढिगाऱ्यात. दिवसभराची माती एकत्र झालेली, कोणत्या खोलीची ते कोण सांगणार! म्हणजे मी नुसता हजेरीचं खोटं बोललो नव्हतो, थरही मनानेच लावला होता. मी वही काढली आणि लिहून घेऊ लागलो.

"आणि शेंदूर कोणी लावला?" मी विचारलं.

अक्का तोंडाला पदर लावून हसू लागल्या. बायकोने खोदून खोदून विचारलं, तेव्हा कळलं. आबांनी दाढ शाळेत आणली ती मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी नव्हे, तिसऱ्या दिवशी; मधे पूर्ण एक दिवस होता. तो दिवसभर दाढ न्हाणीत होती. रेघारेघांचा छान खरखरीत दगड मिळाला म्हणून अक्कांनी तो अंघोळीला वापरायला ठेवला होता, आणि त्यावर भेगाळलेली टाच घासली होती. शेजारीण आली, तिने बकासुराचं नाव काढलं, तेव्हा घाबरून धुतला आणि शेंदूर फासला.

"हाई नका लिखू, मास्तर," अक्का म्हणाल्या.

"लिहू द्या, अक्का," बायको म्हणाली. "खरं पाहणारं माणूस आत्ता कुठे सापडलंय."

अक्कांनी थोडा विचार केला. पाय पुढे घेऊन स्वतःच्या टाचेकडे पाहिलं.

"लिखा मंग," म्हणाल्या. "पन डावी टाच लिखा. उजवीले काहीच नव्हतं."